पाण्याच्या बाटलीतून पाणवनस्पतींचा शोध: ई-डीएनए सर्वेक्षण कसे करावे

पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींची पाहणी म्हणजे दोरीला बांधलेले दुतोंडी दाताळे होडीतून फेकायचे, तळावरून ओढायचे आणि दातांत जे अडकेल ते ओळखायचे. पाणी नितळ असेल तर हे काम झकास होते. पण गढूळ जलाशयात, किंवा नुकत्याच शिरलेल्या परक्या वनस्पतीच्या दोनचार फांद्या शोधताना, दाताळे हमखास चुकते. वनस्पतीच्या पेशी, सुटे क्लोरोप्लास्ट (हरितलवके), परागकण, कुजक्या पानांचा चुरा यांतून पाण्यात आलेला डीएनए गाळून घ्यायचा आणि त्यावरून जात ओळखायची, ही पर्यावरणीय डीएनएची, म्हणजे ई-डीएनएची, पद्धत अशा ठिकाणी उपयोगी पडते. तळ्याच्या पाण्यावरून त्यातला प्राणी ओळखता येतो हे २००८ मध्ये फ्रान्समध्ये अमेरिकन बुलफ्रॉगवर दाखवले गेले. वनस्पतींची पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. जपानच्या तळ्यांत एजेरिया डेन्सा आणि हायड्रिला, अमेरिकेत हायड्रिला आणि युरेशियन वॉटरमिलफॉइल यांच्यावर ही पद्धत वापरून झाली आहे.

इथे उदाहरण घेतले आहे नांदूर मध्यमेश्वरचे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेला, गाळाने उथळ झालेला हा जलाशय महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. उथळ, गढूळ, पक्ष्यांनी गजबजलेला आणि वरच्या धरणांच्या पाण्यावर अवलंबून असलेला. ई-डीएनएच्या कामात येणाऱ्या बहुतेक अडचणी इथे एकत्र भेटतात, म्हणून नियोजन शिकायला ही जागा चांगली.

मासा उधळा, वनस्पती कंजूष

माशांसाठी लिहिलेली कार्यपद्धती जशीच्या तशी उचलणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा, खवले यांतून डीएनए सतत पाण्यात पडत असतो. वनस्पतीची पेशी सेल्युलोजच्या भिंतीत बंद असते. जोमाने वाढणारी हिरवीगार हायड्रिला पाण्यात फारच थोडा डीएनए सोडते. तीच वनस्पती पिवळी पडून सडू लागली की सिग्नल एकदम वाढतो. म्हणजे डोळ्यांना वनस्पती सर्वांत जास्त दिसते तेव्हा बाटलीत ती सर्वांत कमी असू शकते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पाण्यातल्या डीएनएच्या प्रमाणावरून किती किलो वनस्पती आहे हे सांगायचा मोह आवरा. माशांच्या बाबतीतही हे नाते डळमळीत असते; वनस्पतींच्या बाबतीत ऋतू, कुजणे, फुलोरा आणि तण काढण्याची कामे मिळून ते पार विस्कटतात. दुसरी, नमुना घेण्याचा महिना ही यंत्राच्या दर्जापेक्षा मोठी बाब आहे.

दख्खनच्या जलाशयांत जून ते सप्टेंबर विसरा. पुराचे पाणी सगळे पातळ करते, वरून वाहून आलेला डीएनए मिसळते, शिवाय फिल्टर मातीने बंद होतात. दोन फेऱ्या ठेवा. पहिली नोव्हेंबरअखेर ते जानेवारी: पाणी निवळलेले, वनस्पती वाढलेली, दाताळ्याच्या पाहणीशी निकाल ताडून पाहता येतो. दुसरी मार्च ते मे: पाणी उतरते, काठच्या वनस्पती उघड्या पडून कुजतात, डीएनए भरपूर मिळतो, मात्र पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवणारी, कुजण्यातून येणारी ह्युमिक द्रव्येही याच काळात सर्वांत जास्त असतात. एकच फेरी परवडत असेल आणि प्रश्न फक्त ‘आहे की नाही’ एवढाच असेल, तर दुसरी निवडा. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया यांची नरफुले सुटून पाण्यावर तरंगतात. लक्ष्य या दोहोंपैकी असेल तर फुलोऱ्याचे आठवडे टिपून ठेवा. त्या वेळचा सिग्नल परागकणांचा असू शकतो.

आधी प्रश्न ठरवा

‘जलाशयातल्या सगळ्या पाणवनस्पतींची यादी हवी’ आणि ‘अमुक परकी वनस्पती शिरली आहे का’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, त्यांची पद्धतही वेगळी. यादीसाठी मेटाबारकोडिंग, म्हणजे पाण्यातल्या सगळ्या जातींचा एकच डीएनए तुकडा एकदम वाचणे; एका जातीसाठी प्रोबवर चालणारे क्यूपीसीआर, म्हणजे त्या जातीच्या डीएनएच्या प्रती वाढत जातात तशी रिॲक्शन उजळते ती चाचणी. पहिल्यांदाच हात घालत असाल तर एका जातीपासून सुरुवात करा. खर्च कमी, संवेदनशीलता जास्त आणि चूक कुठे झाली ते लवकर कळते.

लक्ष्य म्हणून काबोंबा चांगली. मत्स्यालयांच्या दुकानांतून फिरणारी ही अमेरिकी वनस्पती. तिचीच गुलाबी फुलांची काबोंबा फर्काटा ही जात २०२० मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यातल्या आवळ पांडी भागात कालवाभर फुलली आणि बघ्यांची रीघ लागली. लवकर कळली तर मुळासकट काढता येते, पसरली की काही खरे नसते. शिवाय तिच्या कुळात काबोंबा आणि ब्रासेनिया या दोनच प्रजाती (जीनस) आहेत, त्यामुळे इथल्या जातींपासून वेगळा ओळखू येणारा प्रायमर, म्हणजे लक्ष्याच्या डीएनएला चिकटून पीसीआर सुरू करणारा छोटा तुकडा, बनवणे सोपे जाते. हायड्रिलाचे उलट आहे. व्हॅलिसनेरिया, ओटेलिया, ब्लिक्सा, नाजस हे तिचे सगळे भाऊबंद त्याच पाण्यात असतात. त्यातून हायड्रिला मुळात इथलीच. अमेरिकेत धुमाकूळ घालणाऱ्या हायड्रिलाचा एक प्रकार डीएनएवरून दक्षिण भारतातल्या हायड्रिलाशी जुळला आहे. इथे ती सापडली तर ती बातमी नव्हे.

प्रायमर आणि ओळखपरेड

क्लोरोप्लास्टमधला पट्टा निवडा. एका पेशीत क्लोरोप्लास्ट जीनोमच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. केंद्रकातल्या एकेरी जनुकावर प्रायमर बसवला तर ही देणगी वाया जाते. आरबीसीएल आणि मॅटके हे २००९ मध्ये ठरलेले वनस्पतींचे प्रमाण बारकोड, म्हणजे जात ओळखायला वापरायचे डीएनएचे पट्टे. त्यांच्या नोंदी सर्वांत जास्त मिळतात. पण पाण्यातला डीएनए तुटलेला असतो, म्हणून पूर्ण बारकोड मागू नका. त्यातला ८० ते २०० बेसजोड्यांचा तुकडा पुरे.

प्रायमरच्या ३-प्राइम टोकाशी जवळच्या जातींशी किमान दोन विसंगती हव्यात. जेनबँक या सार्वजनिक डीएनए संग्रहावर प्रायमर-ब्लास्ट करून, म्हणजे प्रायमर कोणाकोणाशी जुळतो ते संगणकावर पाहून, थांबू नका. तिथे चुकीच्या नावाने चढवलेल्या नोंदी आहेत, आणि आपल्याकडच्या जातींच्या नोंदीच अनेकदा नाहीत. म्हणून त्याच जलाशयातल्या प्रत्येक बुडीत वनस्पतीचा नमुना गोळा करा. एक फांदी दाबून हर्बेरियम पत्रकावर, कोवळ्या पानाचे २० मिलिग्रॅम सिलिका जेलमध्ये. जात ओळखण्याची खात्री पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्ये करून घेता येते. मग या प्रत्येक जातीच्या डीएनएवर आपला प्रायमर चालवा. लक्ष्य सोडून कोणीही उजळता कामा नये. काबोंबासाठी कुमुदिनी म्हणजे निंफिया, सेराटोफायलम आणि वरची हायड्रिलाची भावकी, एवढे तरी तपासाच.

जलाशयावर जाण्याआधी एक स्वस्त चाचणी करता येते. २० लिटरच्या टबात १०० ग्रॅम वनस्पती ठेवा आणि ०, १, ३, ७, १४ या दिवशी प्रत्येकी अर्धा लिटर पाणी गाळा. मग वनस्पती काढून टाका आणि सिग्नल किती दिवसांनी मावळतो ते पाहा. पाण्यात डीएनए साधारण काही दिवस ते दोन-तीन आठवडे टिकतो. उन्हात आणि गरम पाण्यात लवकर संपतो. टबातही सापडत नसेल तर जलाशयात सापडणार नाही. हा टब पीसीआरच्या खोलीपासून लांब, शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवा.

धुणे: अर्धे यश इथे

बाटल्या, चिमटे, फिल्टरची फनेल, बर्फपेटीची आतली बाजू, होडीचा काठ, सगळे ब्लीचने धुवायचे. बाजारातले ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे ०.५ टक्के द्रावण. वस्तू त्यात १० मिनिटे बुडलेली हवी, नुसती पुसलेली नाही. नंतर डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. उरलेले क्लोरीन तुमच्या नमुन्यातला डीएनएही खाते. द्रावण रोज ताजे करा. ग्रामपंचायतीत मिळणारी टीसीएल पावडर या कामाला घेऊ नका. साठवणीत तिचा जोर कमी होतो आणि न विरघळलेला चुना भांड्याला चिकटून राहतो.

एक इशारा जिवाचा आहे. एक्स्ट्रॅक्शन (डीएनए काढण्याच्या) किटमधल्या अनेक बफरांत ग्वानिडीन असते. त्यावर ब्लीच पडले की विषारी वायू निघतो. किटचा कचरा आणि ब्लीचचा कचरा कधीही एका डब्यात टाकू नका.

पाणी घेताना

नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे. नुसत्या पाण्याच्या बाटलीसाठीही वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा आणि हिवाळ्यात होडी थव्यांपासून लांब ठेवण्याची अट स्वतःहून घाला. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर जैवविविधता कायद्याखालची राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते का, ते पाणी घेण्याआधी तपासा.

जागा निवडताना चार प्रकार घ्या: वनस्पती दिसते अशी उथळ बाजू, वारा ज्या काठाला तुकडे लोटतो तो काठ, नदी आत येते ते तोंड, आणि बंधाऱ्याजवळचे बाहेर पडणारे पाणी. शेवटची जागा सगळ्या जलाशयाची गोळाबेरीज सांगते. तोंडाजवळची जागा आणखी महत्त्वाची, कारण दारणा आणि गंगापूर या वरच्या धरणांतून पाणी सुटले की वरच्या भागातला डीएनएही सोबत येतो. तोंडाशी सिग्नल मिळाला तर वनस्पती जलाशयात आहे की वर कुठेतरी, हा प्रश्न खुला राहतो. धरणाचे आवर्तन सुरू असेल तर तारीख पुढे ढकला. जमत नसेल तर नोंदवहीत तसे लिहा.

क्रम असा:

१. प्रवाहाच्या खालच्या जागेपासून सुरुवात, वरच्या दिशेने जायचे.

२. पाणी आधी, दाताळे नंतर. दाताळे एकदा ओढले की तळ ढवळतो, फांद्या तुटतात आणि त्या जागेचा नमुना बाद होतो. दाताळे हाताळणाऱ्याने बाटलीला हात लावायचा नाही.

३. पाण्यात उतरू नका. काठावरून लांब दांड्याला बाटली बांधा किंवा होडीच्या नाळेवरून, प्रवाहाकडे तोंड करून पाणी घ्या.

४. प्रत्येक जागी एक-एक लिटरचे तीन वेगवेगळे नमुने, तिघांत काही मीटरचे अंतर. एकाच बाटलीचे तीन भाग केले तर ते तीन नमुने होत नाहीत.

५. वनस्पतीचा डीएनए तळाशी जास्त असतो, म्हणून तळापासून सुमारे ३० सेंटिमीटर वरून पाणी घ्या, पण गाळाला धक्का लावू नका. गाळात डीएनए वर्षानुवर्षे टिकतो. चमचाभर गाळ बाटलीत आला तर पूर्वी कधीतरी इथे असलेली वनस्पती आज ‘सापडते’.

६. पानाचा तुकडा बाटलीत आला तर ते पाणी ओतून द्या, नवी बाटली घ्या. अर्ध्या पानात इतका डीएनए असतो की बाकीच्या पाण्याचे निकाल निरर्थक होतात.

७. प्रत्येक जागी नवे हातमोजे.

८. रोज किमान एक फील्ड ब्लँक, म्हणजे दूषण पकडायचा कोरा नमुना: घरून आणलेल्या डिस्टिल्ड पाण्याची बाटली जलाशयावर उघडायची, त्याच दांड्याला लावून हवेत धरायची, बंद करायची आणि पुढे इतर नमुन्यांसारखीच वागवायची. नमुने तीसपेक्षा जास्त असतील तर दर दहा नमुन्यांमागे एक.

बाटल्या लगेच बर्फात. गाळण्याचे काम त्याच दिवशी उरका. २४ तासांपलीकडे नेऊ नका. अंतरामुळे ते अशक्य असेल तर पाण्यात ०.०१ टक्के होईल इतके बेंझाल्कोनियम क्लोराइड घाला, त्याने डीएनएचा ऱ्हास मंदावतो. जीपीएस, खोली, तापमान, विद्युतवाहकता, सेकी चकतीची खोली (पाणी किती नितळ आहे त्याचे माप) आणि दिसलेल्या वनस्पती, हे सगळे जागेवरच लिहायचे.

गाळणे

पाठ्यपुस्तकी सल्ला ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरचा असतो. काळ्या मातीच्या पाण्यात तो २०० ते ३०० मिलीतच बंद पडतो. क्लोरोप्लास्ट साधारण ५ मायक्रोमीटरचे आणि पेशींचे तुकडे त्याहून मोठे, म्हणून १.२ मायक्रोमीटरचा ४७ मिलिमीटर व्यासाचा काचतंतूंचा फिल्टर, व्हॉटमनचा जीएफ/सी या जातीचा, इथे फायद्याचा. मोकळा डीएनए थोडा निसटतो, पण तिप्पट पाणी गाळता येते. पाणी फारच गढूळ असेल तर एक लिटर दोन-तीन फिल्टरांवर विभागा. पंपाचा जोर वाढवून फिल्टर फाडण्यात अर्थ नाही. प्रत्यक्ष किती मिली गेले ते दर फिल्टरला लिहा. हा आकडा नसेल तर पुढचा सगळा हिशेब हवेत जातो.

फिल्टरवर तपकिरी थर बसलेला दिसेल. मळकी बाजू आत ठेवून चिमट्याने त्याची घडी घाला, गुंडाळी करा आणि २ मिलीच्या ट्यूबमध्ये ९०० मायक्रोलिटर सीटॅब बफरात बुडवा: २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, २० मिलिमोलर ईडीटीए, १ टक्का पीव्हीपी. या बफरात फिल्टर साध्या तापमानाला प्रवासात टिकतो. बर्फावर ठेवला तर बफरात पांढरा साका दिसेल. ते सीटॅब थंडीने बाहेर पडलेले असते, नमुना खराब झालेला नसतो, ६५ अंशांना पुन्हा विरघळते. दिवसाअखेरी गाळणीवर एक लिटर डिस्टिल्ड पाणी गाळून गाळणी-ब्लँकही करा.

डीएनए काढणे

ट्यूबमध्ये ०.५ मिलिमीटरचे मणी टाकून बीड बीटरवर ३० सेकंद, दोनदा. वनस्पतीची भिंत फोडायला हे लागतेच. माशांच्या पद्धतीत ही पायरी नसते. धूरकपाटात बीटा-मरकॅप्टोइथेनॉल २ मायक्रोलिटर घालून ६५ अंशांवर एक तास, अधूनमधून उलटसुलट करत. फिल्टर ट्यूबच्या भिंतीवर दाबून पिळा, निघालेले सुमारे ७०० मायक्रोलिटर द्रव नव्या ट्यूबमध्ये घ्या, तेवढेच क्लोरोफॉर्म-आयसोॲमिल अल्कोहोल २४:१ मिसळा, सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जीला १० मिनिटे फिरवा. वरच्या थरातले ५०० मायक्रोलिटर उचला. मधल्या पांढऱ्या पापुद्र्याला टोक लागू देऊ नका. ३३० मायक्रोलिटर थंड आयसोप्रोपेनॉल घाला, उणे २० अंशांना रात्रभर ठेवा, पुन्हा १५ मिनिटे फिरवा. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, वाळवा, १०० मायक्रोलिटर टीई बफरात विरघळवा. पॉलिकार्बोनेटचे फिल्टर या पद्धतीत वापरू नका, क्लोरोफॉर्ममध्ये ते विरघळतात.

इथे थांबून हिशेब करा, कारण पुढचा सारा निकाल यावर उभा आहे. एक लिटर पाण्याचा डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये आला आणि रिॲक्शनमध्ये तुम्ही ३ मायक्रोलिटर घातले, तर कागदावर ती रिॲक्शन ३० मिली पाणी तपासते. पण ९०० मायक्रोलिटर बफरापैकी ५०० च पुढे नेले, म्हणजे प्रत्यक्षात १७ मिलीच्या आसपास. फिल्टर ३०० मिलीला बंद पडला असेल तर ५ मिली. आणि अडथळा आहे म्हणून डीएनए दहापट पातळ केला, तर अर्ध्या मिलीवरून तुम्ही अख्ख्या जलाशयाबद्दल बोलणार. ‘सापडले नाही’ असे लिहिण्याआधी हा आकडा काढून समोर ठेवावा.

क्यूपीसीआर

२० मायक्रोलिटरची रिॲक्शन:

प्रोबचा दुप्पट तीव्रतेचा मास्टर मिक्स: १० मायक्रोलिटर
दोन्ही प्रायमर, १० मायक्रोमोलर: प्रत्येकी ०.८
प्रोब, १० मायक्रोमोलर: ०.४
बीएसए, १० मिलिग्रॅम प्रति मिली: ०.४
शुद्ध पाणी: ४.६
नमुन्याचा डीएनए: ३

९५ अंश १० मिनिटे, मग ९५ अंश १५ सेकंद आणि ६० अंश १ मिनिट, अशी ४५ आवर्तने (सायकल). मास्टर मिक्स बनवण्याची खोली, डीएनए घालण्याची जागा आणि पीसीआर झालेल्या प्लेट उघडण्याची जागा, तिन्ही वेगळ्या हव्यात. झालेल्या प्लेट शक्यतो उघडूच नका. स्टँडर्डसाठी, म्हणजे प्रतींची संख्या माहीत असलेल्या तुलनेच्या नमुन्यांसाठी, मागवलेला कृत्रिम डीएनए सर्वांत धोक्याचा: २०० बेसजोड्यांच्या तुकड्याच्या १ नॅनोग्रॅममध्ये सुमारे ४.६ अब्ज प्रती असतात. त्याचा मूळ साठा वेगळ्या खोलीतच पातळ करा आणि दर रिॲक्शनला १ लाख प्रतींपेक्षा तीव्र काहीही यंत्राजवळ आणू नका. त्या तुकड्यात जाणूनबुजून दोनचार बेस बदलून मागवले तर आणखी चांगले. दूषण झाले की सिक्वेन्सवरून चोर पकडता येतो.

स्टँडर्ड १ लाखापासून १ प्रतीपर्यंत, दहापटींच्या पायऱ्यांनी. कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत, आर-वर्ग ०.९८ च्या वर हवा. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर जास्त रिॲक्शन लावून ९५ टक्के वेळा सापडते ती कमीत कमी संख्या काढा. तीच तुमची शोधमर्यादा. रिॲक्शनमध्ये सरासरी एकच प्रत पडत असेल तर १०० पैकी ३७ रिॲक्शनमध्ये ती पडतच नाही. तो पिपेटचा दोष नव्हे, नशिबाचे गणित आहे, आणि म्हणूनच प्रत्येक नमुन्याच्या सहा रिॲक्शन लावायच्या. एका रिॲक्शनमध्ये सापडण्याची शक्यता ३० टक्के धरली तर तीन रिॲक्शनमध्ये ती ६६ टक्के होते, सहांत ८८, नऊत ९६.

अडथळा तपासल्याशिवाय कोणताही नकारात्मक निकाल मानू नका. प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात अंतर्गत कंट्रोल डीएनए घाला. स्वच्छ पाण्यात तो ज्या आवर्तनाला उजळतो त्यापेक्षा नमुन्यात दोन आवर्तने किंवा त्याहून उशिरा उजळला, तर नमुना अडलेला आहे. आधी अडथळा काढणारा कॉलम वापरा, त्याने न भागल्यास पातळ करा, आणि वरचा अर्ध्या मिलीचा हिशेब लक्षात ठेवून रिॲक्शनची संख्या वाढवा.

निकाल वाचताना

समजा सगळे ब्लँक स्वच्छ आहेत. बंधाऱ्याजवळच्या तिन्ही नमुन्यांत सहापैकी पाच, सहा आणि चार रिॲक्शन ३४ ते ३६ आवर्तनांना उजळल्या. इथे वाद नाही. तरीही एका रिॲक्शनचा तुकडा सँगर सिक्वेन्सिंगला पाठवा. १५० बेसच्या तुकड्यात दोन्ही टोकांचे काही बेस वाचता येत नाहीत, पण मधला भाग जात सांगायला पुरतो.

खरी कसोटी दुसऱ्या जागेची. तीनपैकी एका नमुन्यात, सहापैकी एकच रिॲक्शन, आणि तीही ३९ व्या आवर्तनाला. ही एक-दोन प्रतींची पातळी. टाकून द्यायचा मोह होतो, तसाच ‘सापडली’ म्हणून जाहीर करायचाही. दोन्ही करू नका. त्याच डीएनएच्या आणखी बारा रिॲक्शन लावा. त्यांत एकही उजळली नाही तर ‘संशयित’ लिहून पुन्हा पाणी आणा. दोन-तीन उजळल्या आणि सिक्वेन्स जुळला, तर डीएनए खरा आहे. मग तो आला कुठून ते पाहा. जलाशयावरचे वारकरी (कूट) पक्षी मुख्यतः बुडीत वनस्पतींवर जगतात, एका तळ्यात चरून दुसऱ्यात बसतात. विष्ठेतून डीएनए येतो आणि वनस्पती मात्र नसते. वरून सुटलेले पाणी, काठावर धुतलेली जाळी, कोणी ओतलेले मत्स्यालयाचे पाणी, हे सगळे संशयित. दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा नमुना घेतला आणि सिग्नल टिकून असला, तर स्रोत तिथेच किंवा वरच्या बाजूला जवळ आहे असे मानून दाताळे घेऊन निघा.

ब्लँकमध्ये एकही रिॲक्शन उजळली तर? कोणता ब्लँक, ते आधी पाहा. फक्त पीसीआरचा ब्लँक (डीएनएऐवजी शुद्ध पाणी घातलेली रिॲक्शन) उजळला तर प्लेट बाद, डीएनए वाचला. एक्स्ट्रॅक्शनचा (नमुन्याशिवाय डीएनए काढण्याच्या सगळ्या पायऱ्यांतून नेलेला) उजळला तर ती अख्खी बॅच बाद. फील्ड ब्लँक उजळला तर त्या दिवसाचे पाणीच पुन्हा आणावे लागते. ब्लँकचा आकडा नमुन्यातून वजा करून पुढे जाण्याची पळवाट काही अहवालांत दिसते. ती मान्य होण्यासारखी नाही.

सगळ्यांची यादी हवी असेल तर

मेटाबारकोडिंगसाठी ट्रनएल जनुकाचा पी६ तुकडा किंवा आयटीएस२ वापरतात. पी६ फार छोटा, १० ते १४० बेसच्या आसपास, त्यामुळे तुटक्या डीएनएवरही चालतो. पण अनेकदा प्रजाती किंवा कुळापर्यंतच नेतो. आयटीएस२ जातीपर्यंत पोचते, मात्र शैवाल आणि बुरशीही ओढून आणते. निफाडच्या पाण्यात यादीच्या वरच्या ओळींत द्राक्ष, कांदा, ऊस आणि गहू दिसले तर दचकू नका, शेतांतून आलेले ते पाहुणे आहेत. पाणवेलींनी पृष्ठभाग झाकलेला असेल तर त्यांचा डीएनए इतका भरतो की बुडीत जातींच्या वाट्याला मोजकेच रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) येतात. अशा वेळी नमुन्यामागे रीड्सची संख्या वाढवावी लागते. स्थानिक हर्बेरियम नमुन्यांचे सिक्वेन्स तुमच्या संदर्भयादीत नसतील तर पोटॅमोजेटॉनच्या जाती एकमेकींच्या नावावर जातील. आणि रीड्सच्या टक्केवारीला वनस्पतींची टक्केवारी म्हणू नका.

अहवालात प्रत्येक जागेपुढे चार रकाने हवेत: गाळलेले मिली, प्रति रिॲक्शन प्रत्यक्ष तपासलेले मिली, उजळलेल्या रिॲक्शन भागिले एकूण रिॲक्शन, आणि अडथळ्याची चाचणी उत्तीर्ण की नाही. ‘अनुपस्थित’ हा शब्द कुठेच नको; ‘इतक्या पाण्यात, इतक्या रिॲक्शनमध्ये, या महिन्यात सापडली नाही’ एवढेच लिहा. उरलेला डीएनए लहान भागांत वाटून उणे ८० अंशांना ठेवा, ट्यूबवर पेन्सिलने आणि झाकणावर मार्करने असा दोनदा क्रमांक घालून. इथेनॉलचा एक थेंब पडला की मार्करचा आकडा पुसला जातो.